कचरा आधी कागदावर तयार होतो

रिसायकलिंग केंद्रात एक पट्टा फिरत असतो. त्यावरून सगळं मिसळलेलं प्लास्टिक वेगानं पुढे सरकतं, वरून अवरक्त किरणांचा झोत पडतो आणि परत आलेल्या किरणांवरून यंत्र ओळखतं की ही पीईटीची बाटली, हा पॉलिप्रॉपिलीनचा डबा. पट्ट्याच्या टोकाला हवेचा एक फटका बसतो आणि ती वस्तू आपापल्या कप्प्यात जाऊन पडते. मग पट्ट्यावर काळा ट्रे येतो, तयार जेवणाचा असतो तसा. काळा रंग यावा म्हणून त्यात काजळीसारखी कार्बनची पूड मिसळलेली असते आणि ही पूड अवरक्त किरण गिळून टाकते. यंत्राच्या लेखी पट्ट्यावर काहीच नसतं. हवेचा फटका बसत नाही, ट्रे सरळ पुढे जाऊन उरल्यासुरल्या ढिगात पडतो आणि तिथून भट्टीत नाहीतर खड्ड्यात.

ज्या माणसानं तो ट्रे धुतला आणि आठवणीनं योग्य डब्यात टाकला, त्याची यात काही चूक नाही. केंद्र चालवणाऱ्याचीही नाही. या ट्रेचं काय होणार हे फार आधी ठरलं होतं. काळ्या रंगावर अन्न उठून दिसतं, म्हणून कुणीतरी काळा रंग निवडला. निवडणाऱ्याच्या हिशेबात ट्रेची किंमत होती, वजन होतं, दिसणं होतं. पट्टा नव्हता.

तो पट्टा त्याच्या हिशेबात यायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तो आवाहनांनी येत नाही, खर्चाच्या रकान्यात आला तरच येतो. वेगवेगळ्या रंगांचे डबे, जनजागृतीचे फलक, प्रतिज्ञा, सप्ताह यांना माझा विरोध नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वस्तू वेगळी करता येईल अशी बनवलेलीच नसेल, तर ती कितीही निगुतीनं गोळा केली तरी हाती घाणेरडं मिश्रणच लागतं.

दोन वस्तू शेजारी ठेवून पाहू. एक अ‍ॅल्युमिनियमचा कॅन. बॉक्साइट या खनिजापासून अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनापासून विजेच्या जोरावर धातू, अशा वाटेनं एक किलो नवं अ‍ॅल्युमिनियम करायला नुसत्या शेवटच्या टप्प्यातच १४ युनिटच्या आसपास वीज लागते. जुना कॅन वितळवला की एकूण ऊर्जेतली सुमारे ९५ टक्के वाचते. कॅनची भिंत एका मिश्रधातूची आणि झाकण दुसऱ्याचं, पण दोन्ही एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की एकत्र वितळवून, त्यात थोडा नवा धातू घालून पुन्हा कॅनचाच पत्रा काढता येतो. कॅन उघडायची कडी पूर्वी तुटून हातात यायची आणि लोक ती फेकून द्यायचे. ती किनाऱ्यांवर पडायची, अनवाणी पायांत घुसायची. १९७५ मध्ये कॅनलाच चिकटून राहणारी कडी बाजारात आली आणि हा प्रश्न कुणालाही शिस्त न लावता मिटला. युरोपीय संघानं जुलै २०२४ पासून प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच ठेवायला लावली. तीच युक्ती, जवळपास अर्ध्या शतकानंतर. झाकण नाकाला लागतं म्हणून लोकांनी बरीच कुरकुर केली, ती मला फारशी गंभीर वाटत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे शाम्पूचं छोटं पाकीट. बाहेर छपाईसाठी एक प्लास्टिक, मधे हवा आणि प्रकाश अडवायला अ‍ॅल्युमिनियमचा काही मायक्रॉनचा पापुद्रा, आत उष्णतेनं चिकटून बंद होणारं दुसरं प्लास्टिक. तिन्ही थर असे सांधलेले की ते सुटू नयेत, हाच त्यांचा गुण. हे पाकीट गोळा करायला लागणारे श्रम त्यातून निघणाऱ्या मालाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून भंगार वेचणाराही त्याकडे पाहत नाही, आणि भंगार वेचणाऱ्याइतकं मालाचं मोल ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

दोन्हींच्या मधल्या वस्तू अधिक फसव्या असतात. पीईटीची पारदर्शक बाटली म्हणजे रिसायकलिंगचा आदर्श. पण तिच्या अंगाला पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचं घट्ट वेष्टन चढवलं की चित्र पालटतं. बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात तेव्हा झाकणांचे तुकडे तरंगतात आणि पीईटी तळाला जातं, वेगळं करण्याची पद्धत ही एवढी साधी. पीव्हीसीही बुडतं. ते पीईटीबरोबर पुढे जातं आणि पीईटी वितळण्याच्या तापमानाला जळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात, यंत्र गंजतं. थोड्याशा पीव्हीसीनं मोठा घाणा वाया जातो. वेष्टन निवडणाऱ्याला मात्र या नुकसानीचं बिल कधीच जात नाही.

हे बिल न जाण्यामागे इतिहास आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं एकदाच वापरून फेकायच्या बाटल्यांतून बिअर विकायला बंदी घातली. चारच वर्षांत तो कायदा बारगळला. त्याच १९५३ मध्ये कॅन आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकारानं 'कीप अमेरिका ब्युटिफुल' ही संस्था उभी राहिली. कचरा टाकणारा माणूस हाच खरा दोषी, हा तिच्या मोहिमांचा सूर. तिची १९७१ ची टीव्हीवरची जाहिरात अतिशय गाजली. प्रदूषण माणसं सुरू करतात आणि तीच थांबवू शकतात, असा तिचा संदेश होता. ऐकायला बिनतोड. फक्त त्या 'माणसां'मध्ये बाटली बनवणारी माणसं कुठे दिसत नव्हती.

नंतर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं प्रत्येक वस्तूच्या तळाशी १ ते ७ असा आकडा छापायची पद्धत आणली. आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगत होता, पण तो छापला होता बाणांच्या त्रिकोणात, आणि बाणांचा त्रिकोण म्हणजे रिसायकलिंग हे तोवर लोकांच्या मनात पक्कं बसलेलं. १ आणि २ या आकड्यांच्या वस्तूंना बऱ्यापैकी गिऱ्हाईक असतं. ३, ६ आणि ७ यांना जवळपास नाहीच. २०१३ मध्ये मानक बदलून बाणांच्या जागी साधा त्रिकोण आणला गेला, तरी बाणवाले साचे आजही ठिकठिकाणी चालू आहेत. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के रिसायकल झाला, असा हिशेब २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. १२ टक्के जाळला गेला, बाकीचा खड्ड्यांत किंवा उघड्यावर. जे प्रत्यक्षात गोळा होऊन पुन्हा वापरात येत नाही, त्यावर बाण छापणं ही ग्राहकाची फसवणूक मानून दंड व्हायला हवा. भेसळीला होतो, खोट्या वजनाला होतो, मग याला का नको?

प्लास्टिक डोळ्यांना दिसतं म्हणून चर्चा तिथेच घुटमळते. धातूंची गोष्ट कमी दिसते आणि मला ती जास्त बोधक वाटते. पोलाद चुंबकाला चिकटतं, त्यामुळे ते वेगळं करणं सोपं. जगात सर्वांत जास्त रिसायकल होणाऱ्या वस्तूंमध्ये त्याची गणना होते आणि ते रास्तच आहे. पण जुनी मोटारगाडी चिरडण्याच्या यंत्रात घातली की तिचे मुठीएवढे तुकडे होतात, आणि खिडकी वर-खाली करणाऱ्या, सीट सरकवणाऱ्या, काच पुसणाऱ्या छोट्या मोटरींतली तांब्याची तार लोखंडी गाभ्याला गुंडाळलेलीच राहते. चुंबक लोखंड उचलतो, त्याच्या पाठीवरून तांबंही भट्टीत जातं. एकदा विरघळलं की ते निघत नाही, कारण भट्टीत प्राणवायू फुंकला तर तांब्याच्या आधी लोखंडच जळतं. असं पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणून ते गाडीच्या पत्र्यासाठी चालत नाही, बांधकामाच्या सळ्यांसाठी चालवून घेतात. सळईला थोडं तांबं सोसतं. नव्या गाड्यांत मोटरी आणि वायरिंग वाढतच चाललंय, म्हणजे उद्याचं भंगार आजच्यापेक्षा अधिक मळकं असणार. वायरिंगचा सगळा जुडगा एका ओढीत बाहेर येईल असा बसवणं अभियंत्याला अशक्य नाही. त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं, कारण गाडी विकणारा आणि पोलाद वितळवणारा यांची कधी गाठच पडत नाही.

कारखान्याच्या आतही असंच. गाडीचा दरवाजा पत्र्यातून ठोकून काढतात तेव्हा खिडकीच्या जागेचा पत्रा कापून बाजूला पडतो. पत्र्यातून गोल चकत्या कापल्या की चकत्यांमधली जाळी उरते. कडा छाटल्या जातात, सदोष माल बाद होतो. जगभरचा हिशेब असा की वितळवलेल्या पोलादापैकी सुमारे चौथा हिस्सा आणि अ‍ॅल्युमिनियमपैकी सुमारे ४० टक्के कधी वस्तूपर्यंत पोहोचतच नाही. तो परत भट्टीत जातो. कंपन्यांच्या अहवालांत हे भंगार 'रिसायकल केलेला माल' म्हणून मिरवलेलं पाहिलं की हसू येतं. आपणच केलेली नासाडी आपणच परत वितळवायची आणि वर शाबासकी घ्यायची! खरी बचत मुळात ते कमी कापण्यात आहे. पत्र्यावर आकार कसे मांडायचे, दोन सुटे भाग एकाच ठोकणीत कसे काढायचे, या कंटाळवाण्या कामातून जे साधतं ते झाडं लावण्याच्या फोटोंतून साधत नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे आलं की विसंगती टोक गाठते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. रिसायकल झालेल्या फोनमधूनही तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम असे मोजके धातू परत मिळतात. बाकीचे धातुमळीत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०११ मध्ये साठ धातूंचा आढावा घेतला तेव्हा त्यांतल्या ३४ धातूंचं रिसायकलिंग एक टक्क्याहूनही कमी निघालं. शिवाय फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो आपल्या हातात येण्यापूर्वीच, घडणीत होऊन गेलेला असतो. म्हणजे फोनसाठी सर्वांत चांगलं रिसायकलिंग म्हणजे तो आणखी काही वर्षं वापरणं. आणि ते अडतं कशावर? बहुतेकदा बॅटरीवर. कानात घालायच्या बिनतारी इअरफोनमध्ये गोळीएवढी लिथियमची बॅटरी असते आणि तिच्याभोवतीचं कवच चिकटवून कायमचं बंद केलेलं. ते उघडायचं म्हणजे फोडायचं. दोन-तीन वर्षांत बॅटरी दम टाकते आणि उत्तम चालणारा स्पीकर, माइक, चिप सगळं तिच्याबरोबर जातं. कचऱ्याच्या गाडीत ती चेंगरली तर आग लागते, हा आणखी एक खर्च, तोही दुसऱ्याच्या माथी. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, काही अपवाद वगळता. फ्रान्सनं २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, धुलाई यंत्रं यांवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. त्यात सुट्या भागांची किंमतही मोजली, हे मला विशेष आवडलं. कारण भाग मिळतो, पण नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला, ही जुनीच पळवाट.

उत्पादकानं आपल्या वस्तूच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना काही नवी नाही. स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी ती १९९० मध्ये सरकारसाठीच्या अहवालात मांडली. तिचा गाभा असा होता की विल्हेवाटीचा खर्च बनवणाऱ्याच्या अंगावर आला की तो आपण होऊन वस्तू सुधारेल. जर्मनीनं १९९१ मध्ये वेष्टनांसाठी ती कायद्यात आणली, पुढे अनेक देशांनी उचलली. पण उचलताना गाभा सांडला. बहुतेक ठिकाणी उत्पादक एका सामाईक संस्थेला शुल्क देतात, आणि ते ठरतं सामग्रीच्या प्रकारावर आणि वजनावर. वजनावर! ते तीन थरांचं शाम्पूचं पाकीट वजनाला जवळपास काहीच नाही. धुऊन वीस वेळा वापरता येईल अशी जाड काचेची बाटली मात्र जड. म्हणजे जो सर्वांत अवघड कचरा बनवतो त्याला सर्वांत कमी पैसे भरावे लागतात, आणि ज्यानं बाटली सुटसुटीत केली त्याला त्याबद्दल छदामही परत नाही. सगळ्यांचे पैसे एका पेटीत, सगळ्यांचा माल एका ढिगात. अशा व्यवस्थेत वस्तू सुधारण्यासाठी खर्च करणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याचाच फायदा करून देते.

म्हणून शुल्क वस्तूगणिक वेगळं हवं आणि फरक जाणवण्याइतका मोठा हवा. वेगळं करायला किती वेळ लागतो, किती सामग्री मिसळल्या आहेत, निघालेला माल त्याच कामाला परत येतो का, यावर ते ठरावं. फ्रान्समध्ये असं कमी-जास्त शुल्क काही प्रमाणात आहे, पण फरक लहान असला तर तो नुसता किमतीत मुरून जातो. जपानचा मार्ग आणखी थेट आहे. तिथे २००१ पासून टीव्ही, फ्रिज, एसी, धुलाई यंत्रं उत्पादकांनी परत घेऊन रिसायकल करायची असतात, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची किंवा भागीदारीतली केंद्रं उभारली. आपल्याच कंपनीचा फ्रिज सुटा करताना कामगाराला सतरा प्रकारचे स्क्रू लागले, तर ती तक्रार पुढचा फ्रिज आखणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची निदान वाट तरी असते.

सक्ती केली तर उद्योग कोलमडेल, हा आक्षेप ठरलेला. त्याला माझं उत्तर एका जुन्या उदाहरणात आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतलं सोल्डर, म्हणजे सुटे भाग बोर्डावर जोडणारा धातू, पिढ्यान् पिढ्या कथील आणि शिशाचं होतं. १८३ अंशांवर वितळणारं, आज्ञाधारक, स्वस्त. युरोपीय संघानं १ जुलै २००६ पासून बहुतेक उपकरणांत शिशावर बंदी घातली. पर्यायी मिश्रधातू तीसेक अंश अधिक तापमानाला वितळत होता. भट्ट्या बदलाव्या लागल्या, सर्किट बोर्डाचं प्लास्टिक बदलावं लागलं, जोड टिकणार नाहीत अशी भाकितं झाली. काही क्षेत्रांना सवलतीही द्याव्या लागल्या. पण बदल झाला, आणि फक्त युरोपात झाला नाही. युरोपासाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरी अशा दोन उत्पादनरेषा चालवणं परवडत नव्हतं, म्हणून जगभरच्या कारखान्यांनी शिसं सोडलं. एवढं मोठं काम ग्राहकांच्या जागरूकतेनं किती वर्षांत झालं असतं? ग्राहकाला सोल्डर दिसतही नाही.

दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. तीन थरांचं वेष्टन मूर्खपणातून आलेलं नाही. ते अन्न महिनोन् महिने टिकवतं, आणि वाया गेलेल्या अन्नाचं पर्यावरणावरचं ओझं अनेकदा वेष्टनाच्या कैकपट असतं. हलक्या वेष्टनामुळे वाहतुकीचं इंधन वाचतं. काचेची बाटली लांबून आणायची, तर तिची बाजू लंगडी पडते. म्हणून 'प्लास्टिक वाईट, काच चांगली' असली सरसकट बंदी मला नको आहे. शुल्काची बाजू मी घेतो ती याचसाठी. जिथे तीन थरांना खरोखर पर्याय नाही तिथे उत्पादक शुल्क भरून ते वापरेल. जिथे ते केवळ चमकण्यासाठी आहेत तिथे एकाच जातीच्या प्लास्टिकचे थर वापरून भागवेल, तशी वेष्टनं आज बनतातच. किंमत थोडी वाढेल, आणि गरिबाच्या खिशाला त्याची झळ जास्त लागेल, हे खरं. पण आज तोच खर्च तुंबलेली गटारं, जळणारे ढिगारे आणि विषारी धूर या रूपात त्याच गरिबाच्या वस्तीत वसूल होतो, पावतीशिवाय.

प्लास्टिक तापवून त्याचं तेल करू, मग काहीही मिसळलेलं चालेल, असं आश्वासन रासायनिक रिसायकलिंगवाले देतात. ते प्रयोगशाळेत जमतं. पण त्यात खूप ऊर्जा जाते, बरचसं तेल शेवटी इंधन म्हणून जळतं, आणि त्यालाही पीव्हीसी सोसत नाहीच. उद्याच्या यंत्राच्या भरवशावर आज वाट्टेल ते बनवू द्यायचं, हा युक्तिवाद मला उधारीचा वाटतो.

आणि रिसायकलिंग शंभर टक्के जमलं तरी सगळं भागेल असंही नाही. १९७० मध्ये जग वर्षाला सुमारे ३००० कोटी टन सामग्री जमिनीतून उपसत होतं, आता तो आकडा १०,००० कोटी टनांच्या पुढे गेलाय. आजच्या इमारतींतलं पोलाद अनेक दशकं बाहेर येणार नाही. मागणी वाढत असताना जुन्या भंगारावर नवी मागणी भागत नाही, हे साधं गणित आहे. वस्तू जास्त टिकवणं, दुरुस्त करणं, सामाईक वापरणं हे रिसायकलिंगच्या वरच्या पायरीवरचं काम आहे, आणि विक्रीवर चालणाऱ्या कंपन्यांना तेच नको असतं.

टिकाऊपणा आणि सुटसुटीतपणा यांचं नेहमी जमतंच असंही नाही. सौर पॅनेल घ्या. काच, सिलिकॉनचे सेल, चांदीच्या बारीक रेघा, मागचं प्लास्टिक हे सगळं एका चिकट थरात कायमचं बसवलेलं असतं, कारण ऊन, पाऊस, गारा झेलत २५-३० वर्षं आत ओलावा शिरता कामा नये. चांगलं पॅनेल म्हणजे न सुटणारं पॅनेल. त्याची विल्हेवाट महाग पडणार हे आजच ठाऊक आहे, आणि ती वेळ येईल तेव्हा बनवणारी कंपनी असेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. युरोपीय संघानं २०१२ मध्ये पॅनेलं ई-कचऱ्याच्या कायद्यात आणली आणि आधी विकलेल्या पॅनेलांचा खर्चही उत्पादकांवर टाकला. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं तो भाग रद्द केला. विकताना जो नियम नव्हता तो मागाहून लावता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. म्हणूनच विल्हेवाटीची रक्कम वस्तू विकली जाते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जमा व्हायला हवी, कंपनी बुडाली तरी हात लागणार नाही अशा खात्यात. सौर पॅनेल, गाड्यांच्या बॅटऱ्या, पवनचक्क्यांची पाती अशा ज्या वस्तू आपण पर्यावरणासाठी म्हणून झपाट्यानं उभारतो आहोत, तिथून ही सुरुवात व्हावी, कारण या क्षणीही रोज लाखो पॅनेलं बसवली जाताहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाचा नियम तेव्हाच ठरतोय.